केसपेपर आधी, वकील नंतर

उपचारात हलगर्जीपणा झाला असं वाटत असेल, तर कुठे जायचं, काय लागतं, किती खर्च येतो

दवाखान्यात काही विपरीत घडलं की पहिले चार दिवस घरात रडारड, धावपळ आणि पाहुण्यांची ये-जा असते. कागद मागायला कुणी जात नाही. तक्रार पुढे उभी राहणार की कोसळणार, हे बहुतेक वेळा त्याच चार दिवसांत ठरतं. म्हणून कायदा काय म्हणतो हे नंतर बघू, घड्याळ काय म्हणतं ते आधी.

मृत्यू झाला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर अंत्यसंस्काराआधी शवविच्छेदन करून घ्या. दवाखाना ते स्वतःहून सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आकस्मिक मृत्यूची नोंद करायला सांगा. पोलीस तिला ‘एडीआर’ म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा. शवविच्छेदन त्याच दवाखान्यात न होता सरकारी रुग्णालयात व्हावं आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, ही मागणी अर्जातच लिहा. पोलिसांमार्फत होणाऱ्या शवविच्छेदनाचे पैसे लागत नाहीत. ‘आता कशाला चिरफाड’ असं म्हणणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. निर्णय घरच्यांचाच, पण हे लक्षात ठेवा: मृत्यूचं नेमकं कारण काय, हा पुढे समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो आणि अग्नी दिल्यानंतर त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र डॉक्टरांना द्यावंच लागतं आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं २०२३ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. ती मागून घ्या. नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो याच्या जागी चालत नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवणं हेही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेच्या विरुद्ध आहे. अडवलाच, तर वाद घालत बसू नका. ११२ ला फोन करा आणि पोलिसांसमोर बोला.

केसपेपर कसे मागायचे

भरती झालेल्या रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. कागद किमान तीन वर्षं जपून ठेवणंही त्यातच येतं. मागण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि रुग्णाने अधिकार दिलेल्या नातेवाइकालाही. रुग्ण दगावला असेल तर वारसाने मागावेत. सोबत मृत्यू दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा एखादा कागद, बहुधा रेशनकार्ड, जोडावं.

अर्ज साध्या कागदावर करा. रुग्णाचं नाव, भरतीचा नोंदणी क्रमांक, भरतीची आणि घरी सोडल्याची तारीख लिहा आणि खाली मागण्यांची यादी द्या. यादी दिली नाही, तर हातात डिस्चार्ज समरी ठेवून तुम्हाला घरी पाठवतील. डिस्चार्ज समरी म्हणजे दवाखान्याने शेवटी लिहिलेला सारांश. त्यात चूक सापडत नाही. चूक सापडते ती रात्री अडीचला नर्सने भरलेल्या तक्त्यात. म्हणून हे सगळं नावानिशी मागा: भरतीच्या वेळची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या फेरीच्या नोंदी, नाडी-तापमान-रक्तदाबाचा तक्ता, औषधं कोणती व किती वाजता दिली त्याचा तक्ता, लघवी-सलाइनचा हिशेब, संमतीपत्रं, ऑपरेशनची नोंद, भूलतज्ज्ञाची नोंद, आयसीयूचा तक्ता, बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांची मतं, सगळे तपासणी अहवाल, एक्स-रे-सीटी-एमआरआयच्या सीडी, आणि बाबवार बिल.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील, तर तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. माझ्या एका नातलगाच्या वेळी रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी ‘फाइल विम्याला गेलीय’ असं तीनदा सांगितलं. चौथ्या फेरीला मी म्हटलं, हरकत नाही, ‘फाइल उपलब्ध नाही’ एवढं या अर्जावर लिहून सही द्या. फाइल वीस मिनिटांत आली.

प्रतींचा खर्च म्हणजे झेरॉक्स आणि सीडीचे पैसे. त्याची पावती घ्या. ‘फाइल चार्ज’, ‘एमआरडी चार्ज’, ‘लीगल कॉपी चार्ज’ अशा नावांखाली हजारो रुपये मागितले, तर ते कोणत्या दरपत्रकात आहेत ते दाखवायला सांगा. महाराष्ट्रात खासगी शुश्रूषागृहांना दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तसा नियम २०२१ पासून आहे. कागद हातात आले की तिथेच, काउंटरवर उभं राहून पानं मोजा. प्रत्येक पानावर दवाखान्याचा शिक्का असावा आणि पानांना क्रमांक असावेत. नसतील तर पेनाने टाकून घ्या. नंतर एखादं पान ‘उगवलं’, तर तुमच्याकडची मोजणी कामी येते.

तुमच्याकडचे मूळ कागद, म्हणजे ओपीडीच्या चिठ्ठ्या, मेडिकलच्या पावत्या, जुने रिपोर्ट, कुणालाही देऊ नका. वकिलालाही नाही. सगळ्यांना झेरॉक्स द्या.

७२ तास उलटले, तरी कागद नाहीत? महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दवाखान्याची नोंदणी त्यांच्या हातात असल्यामुळे तिथला एक फोन तुमच्या दहा फेऱ्यांच्या बरोबरीचा असतो. कागद न देणं हीच सेवेतली त्रुटी म्हणून पुढे ग्राहक आयोगात मांडता येते आणि आयोगामार्फत कागद हजर करायला लावताही येतात.

आता खरा प्रश्न: हा हलगर्जीपणा आहे का

इथे तुमच्या पैशांच्या काळजीपोटी थोडं स्पष्ट बोलतो. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं कायदा मानत नाही. त्या शाखेतल्या बऱ्यापैकी जाणकार डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढंच पाहिलं जातं. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरांनी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर ती चूक धरत नाहीत. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाविरुद्ध राष्ट्रीय आयोगाने दिलेली सुमारे १४ लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली, ती याच मुद्द्यावर. रुग्ण वाचला नाही, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही.

टिकतात ती प्रकरणं वेगळी असतात. पोटात बोळा राहणं हे त्यातलं सरळ. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात बोळा राहिला आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरलं. भरपाई ३६,००० रुपये. (तेहतीस वर्षांनी. वेळेबद्दल पुढे लिहिलंच आहे.) आपल्या शाखेबाहेरची औषधं देणं हे दुसरं. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीन लाखांची भरपाई देताना म्हटलं की अशी औषधं देणं हाच हलगर्जीपणा, वेगळ्या पुराव्याची गरज नाही. तिसरं, संमती. एका तपासणीसाठी सही घेऊन भुलेतच मोठी शस्त्रक्रिया उरकणं चालत नाही, हे २००८ पासून पक्कं झालं आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. याशिवाय चुकीचं रक्त चढवणं, चुकीच्या बाजूला शस्त्रक्रिया करणं, ॲलर्जी सांगूनही तेच औषध देणं, रात्रभर बोलावूनही डॉक्टर न येणं. ही शेवटची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ती नर्सच्या तक्त्यावरच उभी राहते किंवा पडते.

वकिलाकडे जाण्याआधी सगळे कागद त्याच शाखेच्या, शक्यतो दुसऱ्या शहरातल्या, डॉक्टरला दाखवा. ‘यांचं चुकलं का’ असं विचारू नका. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध चटकन बोलत नाहीत. विचारा, ‘या रुग्णाला या वेळी तुम्ही काय केलं असतं?’ उत्तर ‘हेच’ असं आलं, तर तपासणी फी देऊन बाहेर पडा. ती फी सोडून बाकी सगळा खर्च वाचला समजा.

चार दारं

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरांच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर वैद्यक परिषद. शिक्षा व्हावी असं वाटत असेल तर पोलीस. फुकटच्या सरकारी उपचारात नुकसान झालं असेल तर दिवाणी न्यायालय. एका दारात गेलात म्हणून दुसरं बंद होत नाही, आणि लोक फसतात ते इथेच: परिषदेचा किंवा पोलिसांचा निकाल येईपर्यंत थांबू, मग आयोगात जाऊ. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. मुदत टळली, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. ‘परिषदेची वाट पाहत होतो’ हे सबळ मानतीलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

परिषदेचं थोडक्यात. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांसाठी मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद, दंतवैद्यांसाठी राज्य दंत परिषद, आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी त्यांच्या त्यांच्या परिषदा. चुकीच्या परिषदेकडे तक्रार गेली की महिने वाया जातात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक आधी बघा. सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं आचारसंहिता म्हणते. परिषद ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी काही काळ रद्द करू शकते. एक रुपयाही मिळवून देऊ शकत नाही.

पोलिसांचं आणखी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. म्हणजे तुम्ही अर्ज दिलात की तो सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जातो, आणि समितीचं पत्र येईपर्यंत पोलीस ठाण्यात तुम्हाला ‘अहवालाची वाट बघतोय’ एवढंच उत्तर मिळतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होते. ‘एफआयआर टाकू, मग ते पैसे देतील’ असा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

ग्राहक आयोग: फी किती

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते आणि तिचाच गैरफायदा घेतला जातो. आयोगाची फी तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही. तुम्ही दवाखान्याला किती पैसे दिले, यावर ठरते. कोणत्या आयोगात जायचं तेही त्यावरच. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हीच पद्धत कायम ठेवली.

दवाखान्याचं बिल ५ लाखांपर्यंत असेल, तर फी शून्य. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. १० ते २० लाखांपर्यंत ४००. २० ते ५० लाखांपर्यंत १,०००. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. समजा, बिल ३ लाख ८० हजार झालं आणि तुम्ही ४० लाखांची भरपाई मागताय. तुमची जागा जिल्हा आयोग आणि फी काहीच नाही. कुणी ‘मागणीच्या एक टक्का कोर्ट फी भरावी लागेल’ म्हणालं, तर तो माणूस एक तर दिवाणी न्यायालयाबद्दल बोलतोय किंवा खोटं बोलतोय.

बिल विमा कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणी मालकाने भरलं असेल, तरी तुम्ही ग्राहकच. रुग्ण गेला असेल, तर वारस तक्रार करू शकतात. दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला, तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. चिपळूणच्या माणसाने उपचार पुण्यात घेतले म्हणून पुण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही, रत्नागिरीला तक्रार करा. गोव्यातले बरेच जण बेळगाव-कोल्हापूरला उपचारांना जातात, त्यांनाही हेच लागू. मुलं परदेशात आणि आई-वडील पुण्यात असतील, तर तक्रार आई-वडिलांच्या नावाने त्यांच्या जिल्ह्यात करा. सुनावणी मुलांना तिकडून ऑनलाइन ऐकता येईल का, ते आयोगाला आधी विचारून घ्या.

तक्रार ऑनलाइन करायची तर आता ‘ई-जागृती’ पोर्टल आहे, जुनं ‘ई-दाखिल’ त्यात सामावलं गेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती माहिती देते, दवाखान्याला पत्र पाठवते, पण तिच्याकडची नोंद म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. दोन वर्षांच्या हिशेबात ती धरू नका.

सोबत जोडायचे कागद: क्रमवार लिहिलेली तक्रार, तिच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, केसपेपर, बिलं आणि पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, वारस असाल तर वारसाचे कागद, दवाखान्याला पाठवलेली नोटीस व तिची पोच, दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळालं असेल तर ते. प्रत्यक्ष दाखल करताना आयोगासाठीच्या संचांशिवाय प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक संच लागतो. तीनशे पानांची फाइल, चार सामनेवाले, की झेरॉक्सचं बिलच आयोगाच्या फीला मागे टाकतं. झेरॉक्सवाल्याशी आधी दर ठरवा.

सामनेवाला म्हणून दवाखाना आणि डॉक्टर दोघांचीही नावं लिहा. ‘ते आमचे डॉक्टर नाहीत, फक्त येऊन ऑपरेशन करतात’ हा बचाव दवाखान्याला वाचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो २००४ मध्येच मोडीत काढला आहे. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असेल, तर विमा कंपनीही पुढे आत येते. येऊ द्या. पैसे शेवटी तिथूनच मिळायचे असतात.

प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतोच, असं कचेरीबाहेरचा टायपिस्ट सांगेल. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलं आहे. साधा कागद चालतो. नोटरीचे पैसे तेवढे वेगळे.

वकील आणि तज्ज्ञ: खरा खर्च इथे

ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते. तक्रार बिलाच्या घोळाची असेल, तर मी म्हणेन स्वतःच जा. पण मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व असेल, तर वकील घ्या, आणि असा घ्या ज्याने आधी डॉक्टरांविरुद्ध प्रकरण शेवटपर्यंत चालवलं आहे. पहिल्या भेटीतच विचारा: भूलतज्ज्ञाची नोंद वाचता येते का?

फी ठरलेली नसते, शहराप्रमाणे आणि नावाप्रमाणे बदलते. म्हणून हे लेखी घ्या. एकरकमी की तारखेनुसार? तक्रार लिहिणं, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणीची प्रश्नावली, लेखी युक्तिवाद, हे सगळं त्यात आहे की प्रत्येकाचे वेगळे पैसे? तारीख पडली, काम झालं नाही, तरी पैसे? दुसऱ्या गावातल्या वकिलाचा प्रवास कुणाकडे? अपील झालं तर? तारखेनुसार फी ठरली, तर सहा ओळींच्या स्थगितीचेही पैसे द्यावे लागतात, आणि स्थगिती बहुतेक वेळा समोरचा मागतो.

‘आत्ता काही देऊ नका, जिंकलो की तीस टक्के द्या’ हा प्रस्ताव गोड वाटतो. निकालावर किंवा मिळालेल्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची परवानगी नाही. ज्याला आपल्याच व्यवसायाचा नियम मोडायला काही वाटत नाही, त्याच्या हाती तुमची फाइल का द्यायची? आणि ‘आत द्यावे लागतात’ हे वाक्य ऐकलंत, तर त्याच दिवशी वकील बदला.

पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. फोन १५१००. पती गेला असेल तर पत्नीने स्वतःच्या नावाने अर्ज केला की पुरतं. ही साधी गोष्ट घरातले पुरुष विसरतात आणि कर्ज काढून वकील लावतात.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसं सांगितलं आहे. पोटात बोळा राहिला हे सांगायला तज्ज्ञ कशाला? पण निदान उशिरा झालं, औषधाची मात्रा जास्त झाली, अशा तक्रारीत तज्ज्ञ नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते. खासगी तज्ज्ञ लेखी मताचे वेगळे आणि साक्षीचे वेगळे पैसे घेतात. दोन्ही आकडे आधी विचारा. मत लिहून देतील आणि उलटतपासणीला यायचं नाही म्हणतील, अशा तज्ज्ञावर खर्च करू नका. दुसरा मार्ग स्वस्तातला: प्रकरण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञांकडे पाठवावं असा अर्ज आयोगातच करा. जोखीम एकच, मत उलट आलं तर तेही तुमच्याच फाइलला लागतं.

किती वेळ लागतो

कायद्यात: तक्रार दाखल करून घ्यायची की नाही ते साधारण २१ दिवसांत, सामनेवाल्याचं उत्तर ३० दिवसांत, फार तर आणखी १५, आणि निकाल नोटीस पोचल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात: वर्षं मोजा, महिने नकोत. कोलकात्याच्या अनुराधा साहा १९९८ मध्ये गेल्या. त्यांच्या पतीला सुमारे ५ कोटी ९६ लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली ती २०१३ मध्ये. ते स्वतः डॉक्टर होते, हेही लक्षात असू द्या.

यातली एकच मुदत तुमच्या बाजूने खरोखर कडक आहे: उत्तराचे ४५ दिवस. त्यानंतर आलेला लेखी जबाब घेऊच नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं. नोटीस पोचल्याची तारीख लिहून ठेवा आणि ४६ व्या दिवशी वकिलाला फोन करा.

आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो तेव्हा लवकर सुटण्याची आशा असते. पण मृत्यू किंवा गंभीर इजेचं वैद्यकीय प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू नये, असं मध्यस्थीच्या २०२० च्या नियमांतच आहे. तिथे कुणी ‘मध्यस्थी करून देतो’ म्हणून फी मागत असेल, तर तो आयोगाचा माणूस नाही.

सरकारी दवाखाना असेल तर

जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. केसपेपरचे दहा-वीस रुपये भरले म्हणूनही ठरत नाही. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेऊन काहींना फुकट उपचार देणारा दवाखाना असेल, तर फुकट उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. हा निकाल १९९५ चा. ट्रस्टच्या रुग्णालयातल्या गरिबांसाठीच्या खाटेवर असलेल्या रुग्णाने ‘आपण फुकट होतो’ म्हणून गप्प बसू नये, ते यासाठी.

सरकारी कागद माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाचे १० रुपये, पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ. भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागतो. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तिथली कोर्ट फी मात्र मागणीच्या रकमेवर चढते. तो खर्च झेपत नसेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करा. फी नाही, वकील लागत नाही, मुदत घटनेपासून एक वर्ष. आयोग भरपाईची शिफारस करतो. ती शिफारस आहे, आदेश नाही, पण काही हजारांच्या कोर्ट फीपुढे ही वाट मला बरी वाटते.

सह्या करताना

‘बिल माफ करतो, इथे सही करा.’ हा कागद वाचा. त्यात ‘आमची कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही’ असं वाक्य बहुधा शेवटून दुसऱ्या ओळीत असतं. दीड लाखाच्या माफीपायी वीस लाखांचा दावा त्या ओळीत विरघळतो. तडजोड करायचीच असेल तर घाई करू नका. रक्कम अक्षरी लिहून घ्या, सही पैसे खात्यात आल्यावर करा, आणि अल्पवयीन मुलाचं प्रकरण असेल तर वकिलाशिवाय करूच नका. रुग्णाला दुसरीकडे हलवताना ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ या कागदावर सही मागतात. द्या, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने कारण लिहा: ‘व्हेंटिलेटर उपलब्ध नसल्याने’, ‘तज्ज्ञ डॉक्टर सकाळपासून न आल्याने’, आणि वेळ टाका. त्या कागदाचा फोटो काढा.

काचा फोडणाऱ्या पुतण्याला आवरा. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली. शिवाय तुमच्या तक्रारीतल्या प्रत्येक मुद्द्याला सामनेवाला त्या सीसीटीव्हीने उत्तर देतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला, तर आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत समोरचा राज्य आयोगात अपील करू शकतो. पण आधी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के त्याला जमा करावे लागतात. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मधल्या काळात घर बदललं असेल, तर नवा पत्ता आयोगाला लेखी कळवून त्याचीही पोच घ्या. अपिलाची नोटीस जुन्या दारावर चिकटून राहिली, तर तिथला निकाल तुमच्या गैरहजेरीत लागतो.